आईंच्या खोलीतले पॅलॅडियमचे पिंजरे

वणीत दुपारी सुरुंग उडतात. कोळशाच्या खाणीतला नेहमीचाच कार्यक्रम आहे तो. आधी पायाखालून हुंकार येतो, मग खिडक्यांची तावदानं थरथरतात, मांडणीवरची ताटं एकमेकींना लागतात, आणि वर्गातली पोरं मान वर न करता लिहीत राहतात. लग्नानंतर मी इथं आले तेव्हा पहिल्याच दुपारी टेबलाखाली शिरायचंच बाकी राहिलं होतं. नंतर सवय झाली. पण पीएचडीच्या दिवसांत त्या सुरुंगवाल्यांना मी मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या, त्या प्राध्यापिकेच्या तोंडी शोभणाऱ्या नव्हत्या.

मी एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. नवऱ्याची नोकरी वणीची, म्हणून बिऱ्हाड वणीत. सासू-सासरे बाभुळगावला, वावर तिकडेच, कापूस आणि तूर. पीएचडी मी उशिरा सुरू केली, माझ्या वयाच्या बाया लेकरांच्या दहावीची काळजी करतात तेव्हा. माझे सर अमरावतीला. त्यांनी विषय दिला तो पिंजऱ्यांचा.

हे पिंजरे डोळ्यांना दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखालीही नाहीत. पॅलॅडियम हा मोठा शिस्तीचा धातू. त्याला चार हात, चारही एकाच पातळीत, चौरसाच्या चार कोपऱ्यांकडे पसरलेले. दुसरीकडे आमचे सेंद्रिय रेणू, त्यांना आम्ही लिगंड म्हणतो. ते विळ्यासारखे वाकलेले, आणि दोन्ही टोकांना एकेक नायट्रोजन, पॅलॅडियमचा हात धरायला टपलेला. दोन पॅलॅडियमला चार लिगंड या प्रमाणात दोघांना द्रावणात सोडायचं, कोमट करायचं आणि गप बसायचं. वर एक पॅलॅडियम, खाली एक, मधे चार वाकलेल्या काड्या, असा आकाशकंदिलाच्या सांगाड्यासारखा पिंजरा तयार होतो. कोणी बांधत नाही, कोणी चिकटवत नाही. चुकीचा हात धरला गेला तर सुटतो, पुन्हा धरला जातो, असं करत करत सगळे आपापल्या जागी जाऊन बसतात. मी ते कितीदा केलं असेल, पण दर वेळी मला आनंद व्हायचाच. माणसांचं असं कधी होईल का, असंही वाटून जायचं, विशेषतः आमच्या स्टाफ मीटिंगनंतर.

हे सगळं मी एकदा माझ्या सासूबाईंना समजावून सांगितलं होतं. त्यांना मी आई म्हणते. बाभुळगावच्या ओसरीत त्या सरकीच्या पोत्याला टेकून बसल्या होत्या, हातात बशी, बशीत चहा. आईंना पाहिलं आणि हातात बशी नाही, असं क्वचितच. सकाळचा, न्याहारीचा, वावरातून आल्यावरचा, शेजारीण आली म्हणून, शेजारीण गेली म्हणून. डोळे मिटून फुर्र करून ओढायच्या आणि मग जगाकडे बघायच्या.

“मंग बांधते कोन त्याले?” त्यांनी विचारलं.

“कोणीच नाही, आई. आपोआप होते.”

“आपोआप काई होत नसते, बाई. आपोआप फकस्त तन वाढते वावरात.”

मी हसले. सासरे कोपऱ्यातून म्हणाले, “तिले शिकवू नको, तुलेच शिकवून सोडन ते.”

तर असे पिंजरे मी केले. झाले आहेत, हे यंत्रावरच्या रेघा सांगत होत्या. पण प्रबंधाला तेवढं पुरत नव्हतं. सर म्हणाले, पिंजरा आहे म्हणतेस ना, मग दाखव. आणि दाखवायचा तर त्याचा स्फटिक हवा. एकसंध, स्वच्छ, खसखशीच्या दाण्याएवढा का होईना, पण एक. त्यातून क्ष-किरण सोडले की कुठला अणू कुठं बसलाय ते नकाशासारखं कळतं. स्फटिक नाही तर रचना नाही, रचना नाही तर प्रबंध नाही. माझी मुदत आधीच वाढवून घेतलेली होती आणि पुढं वाढणार नव्हती. वर्ष संपेपर्यंत जे काय ते.

स्फटिक वाढवायची रीत अशी. छोट्या कुपीत पिंजऱ्याचं द्रावण ठेवायचं, तोंड उघडं. ती कुपी रुंद तोंडाच्या बरणीत ठेवायची, आणि बरणीच्या तळाशी ईथरसारखा एखादा उडून जाणारा द्रव घालून झाकण घट्ट लावायचं. त्याची वाफ हळूहळू कुपीत उतरते, पिंजऱ्यांना द्रावणात राहणं नकोसं होतं, आणि ते एकमेकांना लागून ओळीनं बसू लागतात. हे सगळं निवांत झालं पाहिजे. घाई नको, हादरा नको. आणि मी हे करत होते कुठं, तर वणीत!

दर वेळी कुपीच्या तळाशी पिवळा चिखल. कधी पापुद्रे, हात लावताच भुगा. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, त्यातली निम्मी माझ्या वाट्याला आली असावीत. मी सगळा राग सुरुंगांवर काढायचे. सर म्हणायचे, “सुरुंगाला कशाला बोल लावतेस? तुझा पिंजराच ढिला असेल.” मला ते पटायचं नाही. शेवटी लिगंड इतकंच उरलं की त्यात तीन बरण्या लागल्या असत्या, बस. ते लिगंड करायला मला वर्ष लागलं होतं. पुन्हा करण्याएवढा वेळ नव्हता.

दसऱ्याच्या सुट्टीत मी ठरवलं, हे काम आता बाभुळगावला. तिथं सुरुंग नाहीत, रेल्वे नाही, घर पक्कं आणि मागच्या खोलीच्या भिंती जाड. जेवणाच्या डब्यात घरच्या कापसाचा गादीसारखा थर घालून मी कुप्या बसवल्या आणि करंजी, यवतमाळ करत एसटीनं निघाले. डबा मांडीवर. शेजारच्या बाईनं विचारलं, “आंडे हायत काय?” मी हो म्हटलं. पॅलॅडियम आहे म्हटलं असतं तर यवतमाळ येईपर्यंत सांगत बसावं लागलं असतं.

आईंनी खोली दाखवली. तिथं गाद्या-गोधड्यांचा ढीग, धान्याच्या कोठ्या, आणि फळीवर लोणच्याच्या बरण्या. मी फळीचं एक टोक मागितलं, तीन बरण्या मांडल्या आणि बजावलं, “आई, याला हलवायचं नाही. उचलायचं नाही, सरकवायचं नाही. अन् जवळपास दिवा-काडी नको, पेट घेते.”

“म्हंजे लोणच्यासारखंच,” त्या म्हणाल्या. “मुरून राह्यलं की हात नाई लावायचा.”

“बरोबर.”

“मंग जाय तू बिनधास्त. माह्या लोणच्याले आजवर बुरशी नाई लागली.”

मी वणीला परतले आणि फोनवर बातम्या येऊ लागल्या. आईंनी त्या खोलीत झाडू मारणं बंद केलं होतं. धान्य काढायला त्या स्वतःच जात, तेही चपला बाहेर काढून. सासऱ्यांना शिंक आली तर अंगणात पळायची आज्ञा होती. “तुह्ये लेकरं झोपून हायत,” त्या सांगायच्या. “मी दारातून पाह्यते, आत नाई जात.” मला हसू यायचं आणि बरंही वाटायचं. पीएचडी सुरू केल्यापासून माझ्या कामाची अशी राखण कोणी केली नव्हती. नवरा चांगला आहे, पण त्याच्या मते स्फटिक म्हणजे तुरटी.

दिवाळीला आम्ही दोघं बाभुळगावला गेलो. मी पिशव्या ओसरीत टाकल्या, पाणीही न पिता मागच्या खोलीत. खिडकी फटीएवढी उघडली, वाकून पाहिलं. पहिल्या बरणीत, कुपीच्या काचेला लागून, काहीतरी चमकत होतं. पिवळं, टोकदार, लखलखीत. मग नजर खाली बरणीच्या तळाशी गेली. तिथं एक पांढरी गोळी होती. झिजलेली, अर्धी विरघळलेली. दुसऱ्या बरणीत पाहिलं, तिथंही गोळी. तिसरीतही. भेदभाव नाही, पंगतीत वाढल्यासारखी एकेक.

झाकण उघडलं आणि वास आला. डांबरगोळी!

माझ्या तोंडून फक्त “अरे देवा” निघालं. पण ते असं निघालं की आई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

“काय झालं व?”

“आई, या गोळ्या कोणी टाकल्या?”

“मी. काहून?”

त्यांच्या तोंडावर काही लपवण्यासारखं नव्हतंच. झाकणावर एक टोका फिरताना दिसला होता, धान्यातला, सोंडवाला. त्यांच्या घरात साठवणीची कुठलीही वस्तू राखणीशिवाय ठेवत नाहीत, आणि राखण वस्तूच्या सोबत आत असते. डाळीला एरंडेल, तांदळाला बोरिक पावडर, गव्हात कडुलिंबाचा पाला, गोधड्यांत डांबरगोळी. माझ्या बरण्यांना दवाखान्यासारखा वास येत होता, म्हणून त्यांनी विचार करून डांबरगोळी निवडली. “बरनी नाई हलवली मी,” त्या म्हणाल्या. “फळीवर होती तशीच ठिवून झाकन काढलं, सोडली, लावलं. जरासाबी धक्का नाई लागू देला. तू हलवू नको म्हनली होती ना.”

खरंच होतं. मी हलवू नका म्हटलं होतं. उघडू नका असं काही म्हटलं नव्हतं. ते सांगावं लागेल असं मला सुचलंच नाही.

मी खाली गाद्यांवर बसले. डांबरगोळी म्हणजे नॅप्थलीन, एकमेकींना चिकटलेल्या दोन षटकोनी कड्यांचा रेणू. ईथरमधे झटकन विरघळतो, हवेत उडतो, कुपीत उतरायला त्याला काय वेळ? आणि त्याचे स्वतःचेही स्फटिक होतात, छान चमकदार. म्हणजे काचेला लागलेलं ते जे काही होतं, ती बहुतेक डांबरगोळीच असणार, माझ्या द्रावणाचा थोडा रंग लागलेली. वर्षाचं लिगंड, शेवटचं पॅलॅडियम, सगळं त्यात गेलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून हसायची माझी ताकद नव्हती. मी रडले. आवाज न करता, पण रडले. आई दारात उभ्या राहून बघत होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

सरांना फोन केला. ते म्हणाले, “रंग पिवळा आहे ना? फेकू नकोस. जसं आहे तसं पाठव. यंत्राला ठरवू दे.” मी जड मनानं कुप्या बांधल्या, अमरावतीला सरांकडे दिल्या, आणि तिथून त्या दूर एका प्रयोगशाळेत गेल्या, जिथं असं यंत्र आहे. तिथली रांग मोठी. वाट बघण्यावाचून हातात काही राहिलं नाही.

दिवाळी झाल्यावर सासऱ्यांचा फोन आला. ते फोनवर एरवी दोन वाक्यांवर बोलत नाहीत. म्हणाले, “तुह्या सासूनं चहा सोडला.”

“म्हणजे?”

“देवापुढं जाऊन सोडला. तुह्या त्या पिंजऱ्याचं निघतवरी पेनार नाई म्हनते. डोकं धरून बसून राह्यली दिवसभर. मी म्हनलं, अर्धा कप घे, देव काई मोजत नाई. तं मलेच ओरडली.”

मी लगेच आईंना फोनवर घेतलं. समजावलं, रागावले, विनवलं. “आई, तुमचा काही दोष नाही. चहा घ्या बरं.” त्या शांतपणे म्हणाल्या, “तुही येवढ्या वर्साची मेहनत माह्या हातानं पान्यात गेली. मी चहा पेऊ कशी?” पुढं एकच वाक्य, “तुही सुनवाई होऊ दे, मंग पाहू.” जसं काही माझा खटला कोर्टात होता. मी त्यानंतर जेव्हा जेव्हा स्वतः चहा केला तेव्हा तो मला गेला नाही. वाफ बघत बसायचे आणि ओतून टाकायचे. माझा प्रबंध राहिला असता तर मी सहन केलं असतं, खरंच. पण तो राहिला तर ही बाई आयुष्यभर चहाला शिवणार नाही, हे मला माहीत होतं. ती तशीच आहे.

थंडी पडली. तुरीच्या शेंगा भरल्या. आणि एका सकाळी, मी प्रात्यक्षिकाच्या वर्गात असताना, सरांचा मेसेज आला. शब्द नाही, नुसतं चित्र. मी पोरांना तसंच सोडून बाहेर व्हरांड्यात आले.

चित्रात वर एक पॅलॅडियम, खाली एक, मधे चार वाकलेल्या काड्या. माझा पिंजरा. पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांना दिसत होता. आणि त्याच्या पोटात, बरोबर मधोमध, दोन षटकोनी कड्या. डांबरगोळीतला एक रेणू, जणू मापानं शिवलेल्या जागेत बसलेला.

सरांनी फोन केला तेव्हा त्यांचा आवाज पोरासारखा झाला होता. म्हणाले, “रिकामा होता म्हणून ढिला होता ग. भिंती डगमगायच्या, मग ओळीत बसणार कसा? आत काहीतरी नीट बसलं आणि ताठ झाला. तुझ्या सुरुंगांचा काही संबंध नव्हता.” मग त्यांनी विचारलं, “हे नॅप्थलीन घालायचं कोणाला सुचलं?” मी म्हटलं, सासूबाईंना. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

आईंना मी फोन केला नाही. हे फोनवर सांगायचं नव्हतं. रजा टाकली, करंजी, यवतमाळ, बाभुळगाव. पोचले तेव्हा आई अंगणात ऊन खात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. बारीक झाल्या होत्या. सासरे खाटेवर. मी चपला काढल्या, सरळ स्वयंपाकघरात गेले, चहा मांडला, भरपूर अद्रक घालून. बशी घेतली आणि त्यांच्यापुढं आणून ठेवली.

“आई, झालं. घ्या.”

“काय झालं?”

मी मोबाइल दाखवला. “हा पिंजरा. अन् ही मधात तुमची गोळी. तुमच्या गोळीमुळंच जमला तो. प्रबंध जाते आता.”

त्यांनी हात पदराला पुसले, मोबाइल हातात घेतला, लांब धरून, जवळ धरून पाहिला. मग परत दिला. “चांगलं हाय,” म्हणाल्या आणि पुन्हा शेंग उचलली. चहाकडे बघितलंसुद्धा नाही.

“घ्या ना आई.”

“नाई.”

“आता काहून नाई?”

त्यांनी आणखी एक शेंग सोलली. मग खाली मान घालूनच म्हणाल्या, “तू चांगल्या मनाची पोरगी हायस. म्हातारीनं झुरू नये म्हनून खोटी गोठ रचून आली वणीहून. मोबाइलात काय, काईबी दिसते. मले समजत नाई का?”

हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मग मी बोलत सुटले, नॅप्थलीन, स्फटिक, सरांचा फोन. सरांना लावून देऊ का म्हटलं. “ते तुहेच सर,” त्या म्हणाल्या. सासरे म्हणाले, “अवं, खरं सांगून राह्यली ते.” “तुमाले काय कळते त्यातलं?” आईंनी त्यांनाही गप्प केलं. कुठलाच पुरावा चालेना. जे चित्र जगातल्या कुठल्याही रसायनशास्त्रज्ञाला पटलं असतं, ते या एका बाईला पटत नव्हतं, आणि मला पटवायचं होतं फक्त तिलाच.

मग आईंनी हातातली शेंग खाली ठेवली. “खरं हाय ना? मंग माह्या डोक्यावर हात ठिवून सांग.”

सुनेचा हात सासूच्या पायांना लागतो. येताना, जाताना, सणावाराला. डोक्यावर हात ठेवायचा तो त्यांनी माझ्या. उलटं कधी होत नाही, लग्नाला इतकी वर्षं होऊन मीही कधी केलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांनीच डोक्यावरचा पदर थोडा मागं सारला. मी हात ठेवला. केस विरळ झालेले, तेल लावून बसवलेले, आणि खाली टाळू गरम. इतके दिवस हेच डोकं चहावाचून ठणकत होतं, माझ्यासाठी.

“बिघडलं नाई, आई,” मी म्हटलं. “तुमच्यामुळं झालं. खरं सांगते. खोटं असन तं...”

“पुढचं नको बोलू,” त्यांनी मला अडवलं. “येवढं बस.”

मला हात काढावासा वाटेना. त्यांनीही डोकं हलवलं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि मी ते पुसलं नाही, कारण एक हात तिथं होता आणि दुसऱ्या हातानं मी त्यांचा हात धरला होता.

“आता रडून राह्यली कायले, भैताड?” आई म्हणाल्या. “थंडा झाला ना तो चहा. दुसरा मांड.”